आधी शिक्का, मग गुन्हा : १८७१ चा कायदा आणि लेबलिंगचा सिद्धांत



गुन्हेगार कोण, असं कुणी विचारलं तर आपण सगळे पटकन उत्तर देतो : ज्याने गुन्हा केला तो. उत्तर सोपं आहे आणि बऱ्याच वेळा बरोबरही आहे. पण गुन्हेगारीच्या अभ्यासात एक विचार असा आहे की, जो हे उत्तर उलटं करून बघतो. तो विचारतो, गुन्हेगार म्हणायचं कुणाला हे ठरवतं कोण? आणि एकदा तसं म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं? याला लेबलिंग थिअरी म्हणतात. मराठीत आपण त्याला शिक्क्याचा सिद्धांत म्हणू.

हा सिद्धांत मांडला गेला अमेरिकेत, विसाव्या शतकात. पण ज्या गोष्टीबद्दल तो बोलतो, ती आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, सरकारी गॅझेटमध्ये छापून, कायदा करून घडवली गेली होती. म्हणून आज आपण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघणार आहोत. आधी सिद्धांत काय म्हणतो ते, आणि मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याने महाराष्ट्रात काय केलं ते.

शिक्का म्हणजे काय

फ्रँक टॅननबॉम नावाचे इतिहासकार होते. १९१४ मध्ये, तरुण असताना, न्यूयॉर्कमधल्या बेरोजगारांना घेऊन ते चर्चमध्ये आसरा मागायला गेले आणि त्याबद्दल त्यांना वर्षभराची कैद झाली. म्हणजे तुरुंग आतून पाहिलेला हा माणूस. १९३८ मध्ये त्यांनी गुन्हा आणि समाज या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा मुद्दा साधा आहे. गल्लीतली पोरं काचा फोडतात, फळं चोरतात, गाडीवाल्याला त्रास देतात. पोरांच्या लेखी तो खेळ असतो. मोठ्यांच्या लेखी तो उपद्रव असतो. सुरुवातीला लोक म्हणतात, हे काम वाईट आहे. हळूहळू ते म्हणायला लागतात, हा पोरगाच वाईट आहे. या सरकण्याला टॅननबॉम यांनी वाईटपणाचं नाट्य उभं करणं असं म्हटलं. पोराला त्या नाटकातली एक भूमिका दिली जाते, आणि काही दिवसांनी तो ती करायला लागतो.

१९५१ मध्ये एडविन लेमर्ट यांनी यात एक उपयोगी फरक केला. पहिलं विचलन आणि दुसरं विचलन. पहिलं म्हणजे माणसाच्या हातून काहीतरी नियमाबाहेरचं होतं. ते आपल्या सगळ्यांच्या हातून कधी ना कधी होतं, आणि बहुतेकांचं ते विसरलंही जातं. दुसरं विचलन त्यानंतरचं. लोकांनी नाव ठेवलं, शिक्षा झाली, कुणी काम देईना, जुने मित्र टाळायला लागले. मग माणूस त्या नावाभोवतीच आपलं जगणं बांधतो. त्याला कारणही असतं, कारण बाकीचे दरवाजे बंद झालेले असतात.

१९६३ मध्ये हॉवर्ड बेकर यांनी याच्याही पुढे जाऊन सांगितलं की, विचलन हा गुण मुळात कृत्यात नसतो. नियम कुणीतरी बनवतं, तो कुणावर तरी लावला जातो, आणि सगळ्यांवर सारखा लावला जात नाही. त्याच वर्षी अर्व्हिंग गॉफमन यांनी कलंकावर पुस्तक लिहिलं. त्यांनी आठवण करून दिली की इंग्रजीतला ‘स्टिग्मा’ हा शब्द ग्रीकांकडून आलेला आहे. ज्याच्यापासून लांब राहायचं, तो माणूस लांबूनच ओळखू यावा म्हणून त्याच्या अंगावर डाग दिला जायचा किंवा खूण कोरली जायची.

आपल्याला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रास भागात काही कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जायचा. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. कपाळावरचा शिक्का गेला. बावीस वर्षांनी कागदावरचा आला.

१८७१ : जन्मावर मारलेला शिक्का

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. त्यामागचा तर्क सरकारी चर्चेत उघडपणे मांडलेला होता. हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, त्याअर्थी वंशपरंपरेने गुन्हा करणाऱ्या जातीही असणारच. इथे आपण थोडं थांबू या. हा तर्क गोऱ्या अधिकाऱ्यांनी आकाशातून आणलेला नव्हता. आपल्याच जातिव्यवस्थेचं चित्र त्यांनी घेतलं, त्यात चोरीचा एक कप्पा वाढवला आणि त्यावर कायद्याची मोहोर उठवली. म्हणूनच तो शिक्का इथल्या समाजाला अनोळखी वाटला नाही. आपल्या समाजाने तो सहज उचलला.

कायदा चालायचा कसा? एखादी टोळी किंवा जमात पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करते असं प्रांतिक सरकारला वाटलं, की वरिष्ठ सरकारच्या परवानगीने तशी अधिसूचना गॅझेटमध्ये निघायची. ती अधिसूचना हाच अखेरचा पुरावा. कुठल्याही कोर्टात जाऊन ‘आम्ही तसे नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. मग मॅजिस्ट्रेट नोंदवही करायचा. जमातीतल्या लोकांनी स्वतः येऊन त्यात नाव नोंदवायचं. हजेरी द्यायची. ठरवलेल्या हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. गावच्या प्रमुखांनी त्यांच्या येण्याजाण्याची खबर द्यायची. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवायची मुभा सरकारला मिळाली.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर आला, म्हणजे मुंबई इलाख्यातही आला. बोटांचे ठसे घेणं आलं. १९२४ मध्ये सगळं पुन्हा एकत्र केलं गेलं. नोंदवहीत नाव असलेला माणूस संशयास्पद परिस्थितीत सापडला, एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकायची.

आता लेमर्ट यांचा क्रम आठवा. आधी कृत्य, मग शिक्का, मग शिक्क्यामुळे पुढचं कृत्य. इथे पहिली पायरीच गायब आहे. पाळण्यातल्या मुलाने काय विचलन केलं होतं? त्याने कुणाची काच फोडली होती? इथे शिक्का आधी आहे आणि कृत्य, झालंच तर, नंतर आहे. अमेरिकन सिद्धांताने व्यक्तीवर मारलेल्या शिक्क्याचा विचार केला. आपल्याकडे तो अख्ख्या जमातीवर, आणि न जन्मलेल्यांवरही मारला गेला. हा फरक लक्षात ठेवू या, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

चोरी होत होतीच ना?

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर येतो. विचारणाऱ्याचा हेतू नेहमीच वाईट नसतो. तेव्हा तो आपणच आधी घेऊ.

हो, यातल्या काही समाजांतले काही लोक चोऱ्या करत होते. ते लपवायचं कारण नाही. पण का, हे बघावं लागतं. बंजाऱ्यांचं उदाहरण घ्या. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहून नेणं हा त्यांचा मोठा व्यवसाय. सैन्यांना रसद पुरवणारे हे लोक. रेल्वे आली, मिठावर सरकारी नियंत्रण आलं, आणि तो धंदा बसला. रामोशी गावाची आणि गडाची राखण करायचे. पेशवाई गेल्यावर ती व्यवस्था मोडली, हक्क गेले, आणि उमाजी नाईकांनी बंड केलं. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. पारध्यांचं जगणं शिकारीवर. जंगलांचे कायदे आले तेव्हा कालपर्यंतचं पोट भरणं आज गुन्हा झालं. म्हणजे नियम बदलला आणि माणूस आहे तिथेच असताना नियमाबाहेर गेला. बेकर म्हणतात तो हाच मुद्दा.

एकदा नोंदवहीत नाव लागलं की मग दुसरं विचलन सुरू होतं. ज्याला रोज हजेरी द्यायची आहे, तो लांबच्या बाजाराला जाणार कसा? पासची मुदत चुकली तर तोच गुन्हा, आणि त्याची नोंद पुन्हा त्याच्याच नावावर. शेतमालक म्हणणार, याला कामावर कशाला ठेवायचं, उद्या पोलीस माझ्या दारात येतील. चोरी कुणीही केली तरी पहिली झडती याच्या पालाची. न केलेल्या चोरीचा मार खायचाच आहे, तर केलेलीची भाकरी तरी मिळू दे, असा हिशेब एखाद्याने केला तर तो रक्तातून आला असं म्हणायचं, की नोंदवहीतून?

याला एक उलट पुरावा आपल्या सोलापुरातच आहे. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी या जमातींसाठी सेटलमेंट उभारल्या गेल्या. तारेच्या आत वस्ती, आणि माणसं गिरण्यांत कामाला. ज्यांच्या रक्तात चोरी आहे असं कायदा म्हणत होता, तीच माणसं पाळीला जात होती, यंत्रावर उभी राहत होती, पगार आणत होती. काम मिळालं तर माणूस काम करतो, हे सरकारच्या डोळ्यांसमोर घडत होतं. तरी त्यातून ‘चोरी रक्तात नसते’ हा निष्कर्ष काढला गेला नाही. निष्कर्ष निघाला की तार उपयोगी आहे. एकदा शिक्का मारला की विरुद्ध पुरावाही शिक्क्याच्याच बाजूने वाचला जातो. हा धडा केवळ पोलिसांसाठी नाही, आपल्या सगळ्यांसाठी आहे.

भाषेतला शिक्का

आता कायदा बाजूला ठेवून आपल्या बोलण्याकडे बघू. लबाड माणसाला आपण काय म्हणतो? भामटा. वर्तमानपत्रात ठळक अक्षरात येतं, भामट्याने लाखोंना गंडवलं. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. बेरड, बेस्तर, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद, राजपूत भामटा, आणि भामटा. ते एका समाजाचं नाव आहे. निबर, निर्लज्ज माणसाला आपण बेरड म्हणतो. तेही त्याच यादीत आहे. शाळेत हजेरी घेताना ज्या मुलाच्या दाखल्यावर हा शब्द आहे, त्याला वर्गात काय ऐकावं लागत असेल, याचा विचार आपण करतो का?

मराठी साहित्याने इथे एक मोठं काम केलं आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आणि भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’ १९८७ मध्ये. या नावांकडे बघा. उचल्या म्हणजे उचलेगिरी करणारा. समाजाने जो शब्द तोंडावर फेकला, तोच लेखकाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिक्का नाकारायचा एक मार्ग तो पुसायचा असतो. दुसरा मार्ग तो उचलून लोकांसमोर धरायचा, आणि विचारायचं की हा कुणी मारला ते सांगा.

कायदा गेला, पुढे काय?

स्वातंत्र्य आलं तेव्हा सुमारे १२७ जमाती आणि सव्वा कोटीच्या वर माणसं या कायद्याखाली होती असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने १९४९-५० मध्ये चौकशी करून कायदा रद्द करायला सांगितलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी ही माणसं ‘विमुक्त’ झाली. म्हणून त्यांच्यासाठी ३१ ऑगस्ट हा दिवस मोठा आहे.

पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर यात जमात नाही, फक्त व्यक्ती आहे. हा फरक महत्त्वाचाच आहे. पण ठाण्यातल्या जुन्या नजरेने नवीन कायदा वाचला तर यादी पुन्हा त्याच वस्तीत जाऊन थांबते. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. शबर समाज एके काळी याच कायद्याखाली होता. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. पुढे बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दोन राष्ट्रीय आयोग नेमले गेले. दोघेही महाराष्ट्राचे.

महाराष्ट्रातला एक खटला सांगायलाच हवा. २००३ मध्ये दरोडा, बलात्कार आणि खुनाचा भीषण प्रकार घडला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. नंतर प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि तो धागा सोडून दिला गेला होता. हे आरोपी भटक्या जमातीतले, तळातल्या थरातले आहेत, त्यांना खोटं गुंतवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. अटकेच्या वेळी त्यातला एक जण अल्पवयीन होता.

आणि दर वेळी पोलीसच लागतात असंही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची. त्यांच्याबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं, तरी सगळ्यांना सगळं माहीत असल्यासारखं झालं. अनोळखी, भटका, गरीब, एवढ्या खुणा पुरल्या.

सिद्धांत कुठे कमी पडतो

आता थोडं सिद्धांताविरुद्ध बोलू. टीकाकार म्हणतात, शिक्का सगळं सांगत नाही. पहिला गुन्हा का झाला ते तो सांगत नाही. लुटला गेलेला माणूस त्यात दिसत नाही. ज्याच्या घरी दरोडा पडला त्याचं दुःख काही शिक्क्याने तयार केलेलं नसतं. शिवाय लाजेच्या भीतीने कित्येक जण सुधारतातही. हे आक्षेप योग्य आहेत.

त्याला एक उत्तर ऑस्ट्रेलियाच्या जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये दिलं. लाज दोन प्रकारची, असं ते म्हणतात. एक लाज माणसाला कायमचं बाहेर काढते. दुसरी लाज कृत्याला वाईट म्हणते, पण माणसाला परत यायला वाट ठेवते. आपल्या भाषेत, एक वाळीत टाकणं आणि दुसरं पुन्हा पंगतीत घेणं. पहिलीने गुन्हा वाढतो, दुसरीने कमी व्हायची शक्यता असते.

पण ब्रेथवेट यांच्या दुसऱ्या वाटेलाही एक अट आहे. परत यायला माणूस आधी आत असावा लागतो. अमेरिकेत डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीसाठी अर्ज घेऊन पाठवले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांना शंभरात ३४ ठिकाणांहून परत बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७. नोंद नसलेल्या काळ्यांना १४, आणि नोंद असलेल्या काळ्यांना ५. म्हणजे काहीच न केलेल्या काळ्या तरुणापेक्षा शिक्षा भोगून आलेल्या गोऱ्या तरुणाला जास्त संधी. जन्माचा शिक्का हा कृत्याच्या शिक्क्यापेक्षा जड असतो. मघाशी लक्षात ठेवलेला फरक तो हाच.

शेवटचा पेच तर आणखी अवघड आहे. शिक्का पुसायचा म्हटलं तर शाळा, शिष्यवृत्ती, आरक्षण लागतं. ते मिळवायचं तर ‘विमुक्त’ असल्याचा जातीचा दाखला लागतो. त्यासाठी महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना कुठल्या गावाने वस्ती करू दिली नाही, त्यांनी गावचा पुरावा आणायचा. गुन्हेगार म्हणून नोंद करताना सरकार त्यांच्या पालापर्यंत चालत गेलं होतं; नागरिक म्हणून नोंद करायची वेळ आली तेव्हा त्यांनीच कचेरीपर्यंत चालत यायचं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. १८७१ पासून मोजलं तर १५३ वर्षं. नियमावलीतल्या ओळी न्यायालय खोडू शकतं. पण घर भाड्याने देताना, गड्याला कामावर ठेवताना, बातमीत आरोपीच्या नावाआधी त्याची जमात लिहिताना जी नोंदवही उघडली जाते, ती आपल्या हातात असते. ती खोडायला कुठलंही न्यायालय येणार नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.